छोट्या गाडीत मोठे इंजिन : व्यापाऱ्याचा हिशेब

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्यातला, गुजरातला लागून असलेला आदिवासी तालुका. मालेगाव-नाशिककडून इथल्या आठवडे बाजाराला कापड नेणाऱ्याला घाट चुकत नाही. मागच्या सीटवर साड्यांचे गठ्ठे असले की जुनी झेन दुसऱ्या गिअरवर रडत चढते. मग गॅरेजवाला हमखास सुचवतो, "शेठ, एस्टीमचे इंजिन टाकून घ्या."

सल्ला अगदीच खोटा नाही. १९९३ साली आलेल्या मारुती झेनचे इंजिन ९९३ सीसीचे, ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. एस्टीमचे १२९८ सीसीचे. कार्बुरेटरवाले ६५ अश्वशक्तीचे, पुढे आलेले सोळा व्हॉल्व्हचे ८५ चे. दोन्ही सुझुकीच्या एकाच घराण्यातली, म्हणून बसवताना फार तोडफोड होत नाही. शौकिनांनी अशा पुष्कळ गाड्या करून घेतल्या. परंतु झेन २००६ मध्ये बंद झाली, एस्टीम २००७ मध्ये. आता इंजिन मिळणार ते भंगारातूनच. ते आतून किती झिजले आहे, हे बाहेरचा रंग पाहून कळत नाही. कापडाचा ताणा तरी बोटाने चाचपता येतो.

कंपनीसुद्धा मोठे इंजिन बसवते. १९९६ मध्ये जिप्सीला ९७० ऐवजी १२९८ सीसीचे इंजिन दिले, तेव्हा चार गिअरचे पाच केले. गॅरेजात मात्र इंजिन बदलते आणि ब्रेक तेच जुने राहतात. चढताना खुशाल चढाल, पण खरी परीक्षा उतरताना आहे. गठ्ठ्यांचे वजन मागून रेटत असते आणि वळणावर समोरून एसटी येते.

आता कागदपत्रे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीवाचून असा बदल चालत नाही. इंजिन बदलले तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. "कोण बघतो?" असे म्हणणारे विसरतात की पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तपासणीत इंजिन नंबर जुळला नाही की गाडी तिथेच अडते.

विम्याचे गणितही बदलते. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये, त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६. तेराशे रुपये वाचवण्यासाठी पॉलिसीवर ९९३ सीसीच ठेवली, तर अपघातानंतर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयते कारण मिळते. आणखी एक गोष्ट आपले व्यापारी बंधू वाचतच नाहीत. खासगी मोटारीच्या पॉलिसीत नमुने आणि स्वतःचे सामान सोडून माल वाहण्याची मुभा नसते. म्हणजे ते गठ्ठे मूळ इंजिनावरही अडचणीचेच! दर आठवड्याला माल न्यायचा असेल तर मालवाहू नोंदणीची लहान गाडी पाहावी.

शिवाय आमच्या पाहण्यातल्या बऱ्याच झेन दमतात त्या क्लच प्लेट घासल्यामुळे आणि कम्प्रेशन उतरल्यामुळे. इंजिन लहान म्हणून नव्हे. इंजिन बदलण्याची बोलणी करण्याआधी मेकॅनिकला गेज लावायला सांगावे आणि चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत.