उन्हाळी डोह आणि महसीर

विलायती पुस्तकांतला उन्हाळा ट्राउट आणि सॅमनचा. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टेकवायची आणि मासा उसळण्याची वाट पाहायची. ही वर्णने वाचताना मला आमची प्रवरा आठवते. नगर जिल्ह्यात हे का नाही?

पहिले कारण पाण्याचे. ट्राउटला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. २० अंश सेल्सिअसच्या पुढे तो कासावीस होतो. म्हणून इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरीच्या ओढ्यांत आणला. दख्खनच्या सखल नद्या त्याच्या कामाच्या नव्हत्या.

पण या नद्यांना स्वतःचा झुंजार मासा होताच: महसीर. कुळाने तो रोहू-कटल्याचा भाऊबंद, तरी सॅमनसारखा प्रवाहाविरुद्ध चढणारा. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनी महसीरची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा जातीला 'खुद्री' हे मराठी मुलखातलेच नाव दिले.

महसीर पावसाळ्यात वरच्या अंगाला जाऊन अंडी घालतो. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले आणि प्रवरेतली ही वाट सुमारे ८२ मीटर उंच भिंतीने अडली. खाली आता नदी वाहते ती बरीचशी आवर्तनावर. उन्हाळ्यात आवर्तन थांबले की उरलेले मासे डोहांत कोंडतात. तिथे ते सहज सापडतात.

म्हणून मला वाटते, तिकडे ज्या ऋतूत गळ बाहेर निघतो, त्या ऋतूत आपण तो गुंडाळून ठेवावा. डोहातले मासे हे पुढच्या पावसाचे बियाणे आहे.