बगळ्याला रंग लावत नाहीत

जपानी चित्रकार होकुसाईचं लाकडी ठशांनी छापलेलं एक छोटं चित्र आहे, साधारण 1834 सालचं. गर्द निळी पार्श्वभूमी, वरून ओघळत आलेल्या चेरीच्या फांद्या आणि त्यांतल्या एकीला उलटा लोंबकळणारा बुलफिंच. झाडाचं खोड कुठेच नाही, ते चौकटीबाहेर राहिलंय. तरी ते किती उंच असेल, हे त्या फांद्यांच्या झोकावरून कळतं. पक्षी सरळ बसला असता तर नजर तिथेच विसावली असती. तो उलटा आहे, म्हणून ती त्याच्यासोबत खाली झुकते, पुन्हा फुलांकडे चढते.

जपानीत अशा फुला-पक्ष्यांच्या चित्रांना काचोगा म्हणतात. ‘का’ म्हणजे फूल, ‘चो’ म्हणजे पक्षी, ‘गा’ म्हणजे चित्र. जोड्या परंपरेने ठरलेल्या: बांबूशी चिमणी, विलोशी भिंगरी, शरदाच्या चंद्राशी रानहंस. जोडी दिसली की ऋतू कळला. विषय आधीच ठरलेला असल्यामुळे चित्रकाराचा कस लागतो तो मांडणीत.

हिरोशिगे या चित्रकाराने तर जागाच अडचणीची निवडली. कविता लिहायच्या कागदी पट्टीला जपानीत तांझाकु म्हणतात. तसल्याच उभ्या आकारात, सुमारे 38 सेंटिमीटर उंच आणि जेमतेम 13 रुंद, त्याने पक्षी बसवले. एवढ्याशा रुंदीत अख्खं झाड मावायचं नाही. मग फांदी एका कडेने आत शिरते आणि अर्ध्यावर कापली जाते. त्याच्या ‘चंद्र आणि रानहंस’ या चित्रात तीन हंस भल्यामोठ्या चंद्रापुढून खाली झेपावतात. वर उभ्या ओळींत कविता आहे. तिची अक्षरं झाकून पाहिली तर चित्राचा वरचा भाग हलका पडतो, इतकी ती मांडणीत मुरलेली आहेत. जपानने 1949 मध्ये याच चित्राचं टपाल तिकीट काढलं.

मला सर्वांत मोह पडतो तो ओहारा कोसोनच्या बगळ्यांचा. हा 1877 मध्ये कानाझावात जन्मलेला चित्रकार. पुढे 1926 पासून वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने त्याची चित्रं प्रसिद्ध केली. बर्फातल्या बगळ्याचं पांढरं अंग म्हणजे कोरा कागदच असतो. भोवतीचा काळपट रंग जिथे थांबतो तिथे बगळा सुरू होतो. म्हणजे मानेचा बाक, चोचीखालची खळगी, सगळं पार्श्वभूमीचा ठसा कोरणाऱ्याच्या हाती! चेरीच्या लाकडावर त्याची पटाशी केसभर सरकली तरी मान जाड व्हायची. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून लाकडात दोन खाचा ठेवलेल्या असतात.

मग पिसं कुठून येतात? ठशावर पिसांच्या रेघा कोरतात, रंग अजिबात लावत नाहीत, आणि ओलसर कागद त्यावर दाबून घासतात. रेघा कागदातच उठतात. असं चित्र समोरून पाहिलं तर बगळा सपाट वाटतो. खिडकीपाशी नेऊन जरा तिरपं धरलं, की उजेड रेघांना अडतो आणि छातीवरचं एकेक पीस सावलीने उमटतं.