कुलूपबंद फाइल : आधी निदान, मग उपचार

दवाखान्यातील कागदी नोंदींची जागा संगणकाने घेतल्यापासून रुग्णाची माहिती शोधणे सुलभ झाले. पण त्याबरोबर एक नवी अडचणही आली. बाहेर रुग्ण ताटकळत असतात, मदतनीस नोंदींची फाइल उघडू पाहतो आणि पडद्यावर संदेश येतो : ही फाइल दुसऱ्याच्या वापरात आहे, तूर्त तीत बदल करता येणार नाही. अशा वेळी हात प्रथम जातो तो संगणकाच्या बटणाकडे. वास्तविक, निदानापूर्वी शस्त्र उचलू नये हा आपल्या व्यवसायाचा नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

मुळात हे कुलूप असते कशासाठी? समजा, एकच फाइल स्वागतकक्षात आणि तपासणीच्या खोलीत एकाच वेळी उघडली आहे. डॉक्टरांनी 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' अशी नोंद करून ती जतन केली. दोन मिनिटांनी स्वागतकक्षातून केवळ दूरध्वनी क्रमांक बदलून तीच फाइल जतन झाली. मात्र तेथे उघडलेली प्रत जुनी होती. क्रमांक सुधारला, पण अ‍ॅलर्जीची नोंद पुसली गेली! असा अनर्थ टाळण्यासाठीच एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला केवळ वाचण्यापुरती मिळते. कुलूप हा अडथळा नसून पहारेकरी आहे.

म्हणून पहिला प्रश्न विचारावा : किल्ली कोणाकडे आहे? वर्ड व एक्सेल बहुधा वापरणाऱ्याचे नावच सांगतात. त्या सहकाऱ्याला फाइल जतन करून बंद करण्यास सांगणे, हा सर्वांत निर्धोक उपाय. फाइल दुसऱ्या संगणकाने धरून ठेवली असेल, तर आपला संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्याने काहीच साधत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कधी फाइल कोणीच उघडलेली नसते, तरी कुलूप कायम असते. वीज गेल्याने वर्ड वा एक्सेल अकस्मात बंद पडले, की '~$' या चिन्हांनी सुरू होणारी छोटी, लपलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये मागे राहू शकते. मूळ फाइल कोठेही उघडी नाही याची खात्री करून मगच ती काढून टाकावी. कधी पडद्यावरून गेलेला प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर चालूच असतो. तो टास्क मॅनेजरमध्ये सापडतो. विषाणूरोधक प्रणाली किंवा बॅकअप घेणारा प्रोग्रॅमही फाइल काही क्षण धरून ठेवतो. तेथे थोडा धीर पुरेसा असतो.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर उघडावा. त्यातील सीपीयू विभागात 'असोसिएटेड हँडल्स' या चौकटीत फाइलचे नाव टाकले, की त्याच संगणकावरील कोणत्या प्रोग्रॅमने ती धरली आहे ते कळते. मायक्रोसॉफ्टचा 'प्रोसेस एक्सप्लोरर' हेच काम अधिक तपशिलाने करतो. त्यात कुलूप बळाने तोडण्याचीही सोय आहे. पण प्रोग्रॅम त्या क्षणी लिहीत असेल, तर फाइल कायमची बिघडू शकते. रुग्णनोंदींच्या बाबतीत हा मार्ग तज्ज्ञावाचून कोणी अनुसरू नये.

वरवर सारखे वाटणारे एक लक्षण मात्र सर्वस्वी वेगळ्या व्याधीचे असते. अनेक फाइल्स एकदम उघडेनाशा झाल्या, त्यांच्या नावांपुढे अनोळखी अक्षरे आली आणि खंडणीचा मजकूर दिसू लागला, तर ते रॅन्समवेअर होय. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा विस्कळीत केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये अशाच हल्ल्यानंतर कित्येक दिवस कामकाज कागदावर करावे लागले. अशी शंका येताच तो संगणक तत्काळ जाळ्यापासून अलग करावा, जसे संसर्गजन्य रुग्णाचे विलगीकरण करतो, आणि जाणकाराला बोलवावे. वरील उपाय येथे निरुपयोगी आहेत. तारते ती केवळ संगणकापासून वेगळी ठेवलेली बॅकअपची प्रत.

तेव्हा डॉक्टरमित्रहो, अशी प्रत नियमाने घ्यावी आणि ती खरोखर उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे. बंद फाइलपुढे पाच मिनिटे थांबावे लागले तरी रुग्णाचे फारसे बिघडत नाही. पुसल्या गेलेल्या एका ओळीने मात्र त्याच्या जिवावर बेतू शकते.