हयातीचा दाखला आणि सरकारी संकेतस्थळें

सेवानिवृत्त मनुष्यास वर्षांतून एकदां आपण जिवंत आहों हें सरकारास पटवून द्यावें लागतें. केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठीं नोव्हेंबर महिना त्याकरितां ठरलेला आहे. ऐंशीच्या पुढील वृद्धांस ऑक्टोबरपासूनच मुभा असते. दाखला पोंचला नाहीं तर पेन्शन थांबतें. ज्या घरांत आजोबांचें किंवा आत्याबाईंचें पेन्शन हाच मोठा आधार, तेथें ही गोष्ट किती नाजूक असते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. हें काम आतां घरबसल्या होऊं शकतें. परंतु सरकारनें संकेतस्थळ उघडलें म्हणजे लोकांचें काम झालें, असें मात्र नाहीं. एक सेवा लोकांच्या उपयोगी कां पडते आणि दुसरी कां फसते, ह्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

‘जीवन प्रमाण’ ही सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजीं सुरू झाली. आधार क्रमांक व बोटांचे ठसे ह्यांवरून मनुष्याची ओळख पटावी, दाखला परस्पर पेन्शन देणाऱ्या कचेरीकडे जावा, आणि वृद्धांची बँकेची पायपीट वांचावी, हा तिचा हेतु. हेतु उत्तम, पण अडचण बोटांपाशींच होती. जिनें जन्मभर भांडीं घासलीं, दळणकांडण केलें, तिच्या बोटांवरील रेषा म्हातारपणीं झिजून जातात व यंत्रास त्या उमटत नाहींत. म्हणजे जिच्यासाठीं सोय, तिलाच ती बंद! हा दोष ओळखून नोव्हेंबर २०२१ मध्यें मोबाइलच्या कॅमेऱ्यानें चेहरा ओळखण्याची पद्धत जोडण्यांत आली. त्यापूर्वींच, २०२० पासून, पोस्टमननें घरीं येऊन दाखला काढून देण्याची व्यवस्था झाली होती. पुढें गांवोगांव शिबिरें भरविण्यांत आलीं: २०२२ सालीं ३७ शहरांत, २०२३ सालीं १०० शहरांत आणि २०२४ सालीं ८०० शहरांत व गांवांत. त्या शेवटच्या मोहिमेंत एक कोटीहून अधिक दाखले निघाले. ह्यावरून यशाचें पहिलें कारण स्पष्ट होतें: सेवा ज्याच्यासाठीं, त्याचें वय, त्याचें शरीर आणि त्याचें घर डोळ्यांपुढें ठेवून ती घडवावी लागते, आणि चूक दिसतांच सुधारावी लागते.

दुसरें कारण कायद्याचें पाठबळ. पडद्यावर दिसणारा कागद कचेरींतील कारकुनानें मानलाच नाहीं, तर त्याचा उपयोग काय? आमच्याकडे सातबाऱ्याचा उतारा संकेतस्थळावर पुष्कळ दिवस पाहावयास मिळत असे, पण तो केवळ माहितीपुरता. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा उतारा मिळूं लागला, तेव्हां कोठें तो तलाठ्याच्या सहीशिक्क्यावांचून सरकारी कामांस चालूं लागला.

तिसरें कारण शेजारच्या कर्नाटकांत पाहावयास मिळतें. तेथील ‘भूमि’ योजनेंत सुमारें दोन कोटी जमीन-उतारे संगणकावर चढविण्यांत आले व तालुक्याच्या ठिकाणीं १५ रुपयांत उतारा मिळूं लागला. त्याबरोबरच दोन कडक नियम झाले. संगणकावर नोंद झालेल्या तालुक्यांत हस्तलिखित उतारा अग्राह्य ठरला. आणि फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमानें निकालांत काढणें अधिकाऱ्यांस भाग पडलें. जुनी वाट बंद केली नसती, तर नवें यंत्र धूळ खात पडलें असतें. मग पेन्शनरांचीही जुनी वाट बंद करावी काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. तेथें शेतकऱ्यास स्वतः यंत्र चालवावयाचें नव्हतें. खिडकीपाशीं चालविणारा माणूस बसलेला होता. वृद्धास मात्र एकट्यानें मोबाइल हाताळावयाचा असतो. ज्या वाटेनें लांच जाते ती बुजवावी. ज्या वाटेनें दुर्बल माणूस जातो ती उघडी ठेवावी.

चौथें कारण, कामास एक धनी असणें. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १ ऑक्टोबर २०१३ रोजीं आरोग्यविम्याचें संकेतस्थळ मोठ्या थाटानें उघडलें. पहिल्या दिवशीं अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी झाली. कामाचे तुकडे अनेक ठेकेदारांस वांटलेले होते, पण ते परस्परांशीं जुळतात कीं नाहीं हें पाहणारा खंबीर धनी कोणी नव्हता, आणि संपूर्ण यंत्रणेची चांचणी अगदीं अखेरीस उरकण्यांत आली. शिवाय विम्याचे दर पाहण्यापूर्वींच खातें उघडण्याची सक्ती असल्यामुळें नुसती चौकशी करणारेही दारांतच अडकले. पुढें जबाबदारी एकाकडे सोंपवून एकेक दोष निस्तरण्यांत आला, तेव्हां वर्षअखेरीस काम रुळावर आलें. धन किंवा बुद्धि ह्यांची तेथें वाण नव्हती. वाण होती ती उत्तरदायित्वाची.

आतां घराकडे वळूं. दाखला काढल्यावर प्रमाण-क्रमांक आला म्हणजे तो मंजूर झालाच असें समजूं नये. कचेरी तो नाकारूंही शकते. तो स्वीकारला गेला कीं नाहीं हें संकेतस्थळावर पाहून ठेवावें. दूरध्वनीवरून कोणी पेन्शनचें नांव सांगून गुप्त अंक मागूं लागल्यास ते मुळींच देऊं नयेत. आणि घरांतील मुलांमुलींनीं आजीच्या हातून मोबाइल काढून घेऊन झटपट काम उरकण्याऐवजीं, तिच्याच हातून एकदां सावकाश करवून घ्यावें. त्यास चार मिनिटें अधिक लागतील. पण पुढील नोव्हेंबरांत तिला कोणाची वाट पाहत बसावें लागणार नाहीं.