पेप्टाइड-औषधे आणि वजनातील घट : क्रियेचे स्वरूप व प्रतिसादातील भिन्नता

एकच औषध, एकच मात्रा आणि एकच मुदत असूनही दोन व्यक्तींच्या वजनात होणारी घट सारखी नसते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप-१’ या चाचणीत १,९६१ व्यक्तींचा समावेश होता. ज्यांना सेमाग्लुटाइड हे औषध आठवड्यातून एकदा २.४ मिलिग्रॅम या मात्रेने टोचण्यात आले, त्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरीने १४.९ टक्के उतरले. ज्यांना औषधविरहित टोचणी देण्यात आली, त्यांचे २.४ टक्के उतरले. परंतु या सरासरीच्या पोटात फार मोठे अंतर दडलेले आहे. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींचे वजन २० टक्के अथवा त्याहून अधिक घटले, तर दर सात जणांमागे सुमारे एकाचे ५ टक्केही घटले नाही. अशा सातव्या व्यक्तीवर ‘हिला औषध लागू पडत नाही’ किंवा ‘ही पथ्य पाळत नाही’ असा शिक्का व्यवहारात सहज बसतो. हा शिक्का कितपत साधार आहे, हे ठरविण्यासाठी प्रथम औषधाची क्रिया आणि नंतर भिन्नतेची कारणे पाहिली पाहिजेत.

पूर्वपीठिका

आतडे हे केवळ अन्न शोषणारे इंद्रिय नसून संदेश पाठविणारेही इंद्रिय आहे, ही कल्पना बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ साली सिक्रेटिनच्या शोधाने प्रस्थापित केली. १९६४ साली असे दाखविण्यात आले की, साखर शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिली असता इन्शुलिनचा स्राव अधिक होतो. याचा अर्थ असा की, साखर रक्तात पोचण्याच्या वाटेवर आतडे स्वादुपिंडाला काही सूचना देते. ही सूचना देणाऱ्या द्रव्यांना ‘इन्क्रेटिन’ ही संज्ञा त्याआधीच, १९३०च्या सुमारास, मिळालेली होती. द्रव्ये मात्र पुढे सापडली. १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रोग्लुकॅगॉनच्या जनुकाची रचना उलगडली, तेव्हा त्यात ग्लुकॅगॉनखेरीज त्याच्याशी साम्य असणारे आणखी दोन पेप्टाइड सांकेतिक रूपाने आढळले. त्यांपैकी पहिला तो जीएलपी-१. स्वेत्लाना मोइसोव, जोएल हॅबेनर, डॅनिएल ड्रकर, येन्स युल होल्स्ट इत्यादी संशोधकांच्या कार्यातून १९८७च्या सुमारास असे सिद्ध झाले की, या पेप्टाइडच्या आरंभीची सहा अमिनो आम्ले गळून जो भाग उरतो, तोच इन्शुलिनच्या स्रावाला प्रबळ चालना देतो. १९९६ साली उंदरांच्या मेंदूतील पोकळीत हे द्रव्य सोडले असता त्यांचे खाणे कमी झाल्याचे लंडन येथील संशोधकांनी दाखविले. मधुमेहाच्या संशोधनातून निघालेला हा धागा भुकेच्या प्रश्नापर्यंत येऊन पोचला तो असा.

रेणूची घडण

नैसर्गिक जीएलपी-१ औषध म्हणून निरुपयोगी आहे. कारण रक्तात त्याचा अर्धायुकाल अवघा सुमारे दोन मिनिटांचा असतो. डीपीपी-४ नावाचे विकर त्याच्या दुसऱ्या स्थानावरील अ‍ॅलॅनिननंतरचा बंध तोडते आणि रेणू निष्प्रभ होतो. उरलेला भाग मूत्रपिंडे त्वरेने बाहेर टाकतात. म्हणून औषधनिर्मितीचा सारा खटाटोप दोन गोष्टींसाठी आहे : विकराला चकविणे आणि मूत्रपिंडांतून होणारा निचरा रोखणे.

पहिला मार्ग निसर्गानेच दाखविला. गिला मॉन्स्टर या अमेरिकेतील विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग यांना १९९२ साली एक्सेंडिन-४ हा पेप्टाइड सापडला. त्याच्या दुसऱ्या स्थानावर अ‍ॅलॅनिनऐवजी ग्लायसिन असल्यामुळे विकराचे त्यावर फारसे चालत नाही. त्यावर आधारलेल्या एक्झेनाटाइडला अमेरिकेत २००५ साली मधुमेहासाठी मान्यता मिळाली. दुसरा मार्ग मेदाम्लाचा. लिराग्लुटाइडमध्ये पेप्टाइडला सोळा कार्बन अणूंची मेदाम्ल-साखळी जोडलेली आहे. ही साखळी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते व त्यामुळे अर्धायुकाल सुमारे १३ तासांवर जातो. सेमाग्लुटाइडमध्ये दोन्ही युक्त्या एकत्र आल्या आहेत. दुसऱ्या स्थानी विकराला न जुमानणारे कृत्रिम अमिनो आम्ल आहे आणि अठरा कार्बन अणूंची साखळी अल्ब्युमिनला अधिक घट्ट धरते. परिणामी अर्धायुकाल सुमारे एक आठवड्याचा होतो. टिर्झेपाटाइड हा ३९ अमिनो आम्लांचा पेप्टाइड जीएलपी-१ व जीआयपी या दोन्ही आंत्र-संप्रेरकांच्या ग्राहींवर क्रिया करतो व त्याचा अर्धायुकाल सुमारे पाच दिवसांचा आहे.

क्रियेची ठिकाणे

जीएलपी-१चा ग्राही पेशीच्या आवरणात असतो. औषध त्याला जोडले गेले की पेशीच्या आत चक्रीय एएमपी या द्रव्याचे प्रमाण वाढते. स्वादुपिंडातील बीटा-पेशींत यामुळे इन्शुलिनचा स्राव वाढतो, पण तो रक्तातील साखर चढलेली असेल तेव्हाच. म्हणून केवळ या औषधाने साखर धोकादायकरीत्या उतरण्याची भीती अल्प असते. जठरातील अन्न पुढे सरकण्याची गती मंदावते. मात्र दीर्घ काळ औषध घेतल्यावर हा परिणाम बराच ओसरतो. यावरून वजनातील घटीचे मुख्य श्रेय जठराला देता येत नाही.

ते श्रेय मेंदूचे आहे. पाश्चमस्तिष्कातील एरिया पोस्ट्रेमा व हायपोथॅलॅमसचा काही भाग येथे रक्त व मेंदू यांमधील अडसर शिथिल असतो, आणि औषधाचे रेणू प्रामुख्याने तेथेच पोचतात. हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रकात तृप्तीची भावना निर्माण करणाऱ्या पेशींना चालना मिळते, तर भूक जागविणाऱ्या पेशी दबतात. मळमळ हा या औषधांचा नेहमीचा उपद्रव. त्याचाही संबंध पाश्चमस्तिष्कातील याच भागाशी आहे. एमसी४आर या ग्राहीच्या जनुकात दोष असल्यामुळे लहानपणापासून अतिभूक असलेल्या व्यक्तींचेही वजन लिराग्लुटाइडने इतरांइतकेच घटते, असे २०१८ साली आढळले. म्हणजे तृप्तीचा एक प्रमुख मार्ग खंडित असला, तरी औषध अन्य मार्गांनी आपले कार्य साधते.

वजन स्थिरावते ते का

औषध चालू असतानाही एक-दीड वर्षाच्या सुमारास वजन उतरण्याचे थांबते. याला औषधाची शक्ती संपली असे म्हणणे चूक ठरेल. वजन उतरू लागताच शरीर त्याचा प्रतिकार करते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या लघवीतून नकळत साखर निघून जात होती अशा रुग्णांचा विचार करण्यात आला. वजनाच्या दर किलोग्रॅम घटीमागे त्यांची भूक दिवसाला सुमारे १०० किलोकॅलरींनी वाढल्याचे त्यात दिसून आले. याउलट, ऊर्जाव्ययात दर किलोग्रॅममागे होणारी कपात २० ते ३० किलोकॅलरींची असते. अर्थात प्रतिकाराचा मोठा वाटा भुकेचा आहे, मंद चयापचयाचा नव्हे. पेप्टाइड-औषधे या वाढत्या भुकेला लगाम घालतात. पण घट जसजशी वाढते तसतसा विरोधही वाढतो, आणि दोहोंचा तोल जेथे साधतो तेथे वजन स्थिर होते. औषध बंद केले की एक पारडे रिकामे होते. ‘स्टेप-१’मधील ज्या व्यक्तींचा पुढे मागोवा घेण्यात आला, त्यांचे घटलेले वजन औषध थांबविल्यावर वर्षभरात सुमारे दोन-तृतीयांशाने परत आले. ही इच्छाशक्तीची उणीव नसून शरीराच्या नियमनाचा स्वाभाविक परिणाम होय.

भिन्नतेची कारणे

वरील विवेचनावरून प्रतिसाद भिन्न का असतो हे बऱ्याच अंशी कळते. तोल साधण्याचा बिंदू दोन बलांवर अवलंबून असतो. म्हणून कोणत्याही एका बलात व्यक्तिपरत्वे थोडाही फरक असला, तरी अंतिम वजनात मोठे अंतर पडते.

पहिले कारण रक्तातील औषधाच्या प्रमाणाचे आहे. मात्रा सर्वांना सारखी असल्यामुळे जड देहाच्या व्यक्तीच्या रक्तात ते कमी राहते. स्त्रियांच्या वजनात पुरुषांपेक्षा अधिक घट होते, तीही अंशतः यामुळेच. शिवाय मळमळीमुळे अनेकांना पूर्ण मात्रेपर्यंत पोचताच येत नाही.

दुसरे कारण मधुमेहाचे. सेमाग्लुटाइडच्या त्याच मात्रेने मधुमेही व्यक्तींचे वजन ‘स्टेप-२’मध्ये सरासरीने ९.६ टक्केच घटले. टिर्झेपाटाइडच्या १५ मिलिग्रॅम मात्रेने मधुमेह नसलेल्यांत २०.९ टक्के, तर मधुमेहींत १४.७ टक्के घट झाली. यामागची एक गोष्ट सहज समजण्यासारखी आहे. अनियंत्रित मधुमेहात साखर लघवीवाटे वाया जाते. नियंत्रण येताच ती ऊर्जा शरीरात राहते. इन्शुलिन आणि सल्फोनिलयूरिया ही औषधे सोबत चालू असल्यास तीही वजन वाढविण्याकडे झुकतात.

तिसरे कारण जनुकीय. जीएलपी-१च्या ग्राहीच्या जनुकातील आणि एआरआरबी१ या जनुकातील काही भेदांचा औषधाने साखर उतरण्याच्या प्रमाणाशी संबंध आढळला आहे. परंतु साखरेचा प्रतिसाद आणि वजनाचा प्रतिसाद एक नव्हेत. जनुक-परीक्षा करून औषध निवडावे, इतके हे ज्ञान अद्याप परिपक्व झालेले नाही.

मापनाचा प्रश्न

येथे संख्याशास्त्राचा एक मुद्दा विसरता कामा नये. औषध घेणाऱ्या गटात दिसणारी सगळी भिन्नता औषधाने निर्माण केलेली नसते. औषधविरहित गटातही कोणाचे वजन उतरते, कोणाचे वाढते. म्हणून दोन्ही गटांतील विचरणाची तुलना केल्यावाचून ‘प्रतिसाद देणारे’ व ‘प्रतिसाद न देणारे’ अशी विभागणी करणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. पाच टक्क्यांची रेघ सोयीसाठी ओढलेली आहे; तिच्या अलीकडची व पलीकडची व्यक्ती निसर्गतः दोन जातींची नसते. काळाचीही गोष्ट तशीच. लिराग्लुटाइडला २०१४ साली अमेरिकेत स्थूलतेसाठी मान्यता देताना, सोळा आठवड्यांत चार टक्के घट न झाल्यास ते थांबवावे, असे सांगण्यात आले होते. सेमाग्लुटाइडची मात्रा पायरीपायरीने वाढवावी लागते व पूर्ण मात्रा सतराव्या आठवड्यापासून सुरू होते. तेथे हाच निकष लावला, तर औषधाची कसोटी सुरू होण्यापूर्वीच निकाल दिल्यासारखे होईल.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, काय मोजावयाचे? २००४ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचीच मापे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. दोघांचा देहभारांक २२.३ असा अगदी समान होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के भरले. भारतीय देहात समान वजनाला मेद अधिक व स्नायू कमी असण्याची प्रवृत्ती आहे, हे या छोट्या लेखाने जगापुढे ठळकपणे मांडले. ‘स्टेप-१’मधील १४० व्यक्तींच्या तपासणीत मेद १९.३ टक्क्यांनी घटला, पण त्याबरोबर मेदेतर भारही ९.७ टक्क्यांनी घटला. ज्यांच्याजवळ स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी आहे, त्यांना ही दुसरी घट अधिक जाणवण्याचा संभव आहे. टिर्झेपाटाइड व स्थूलतेसाठीचे सेमाग्लुटाइड ही दोन्ही २०२५ साली भारताच्या बाजारात आली. तेव्हा येथील रुग्णाचा प्रतिसाद काट्यावरील आकड्याने मोजावा, की कमरेचा घेर, यकृतातील मेद, रक्तातील साखर आणि स्नायूंचे बळ यांनी, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

सारांश, प्रतिसाद हा औषधाचा किंवा रुग्णाचा एकट्याचा गुण नसून तो मात्रा, देह, रोग, काळ आणि मापनपद्धती यांच्या संयोगातून निष्पन्न होणारा परिणाम आहे. आरंभी उल्लेखिलेल्या सातव्या व्यक्तीविषयी मत बनविताना हे पाचही घटक तपासले गेले पाहिजेत. ते न तपासता तिच्या संयमाविषयी शंका घेणे म्हणजे निदान न करताच निर्णय देणे होय.