डिस्कच्या वाटेवरची मेमरी

जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं, लिनक्स आलं त्याच्या पुढच्या वर्षी. जळगाव-धुळ्याच्या मुलांच्या हाती ते पडलं बरंच नंतर, पीसीक्वेस्ट मासिकासोबतच्या सीडीवरून. लॅबमधल्या मशीनला मेमरी बेताचीच. चार प्रोग्रॅम उघडले की हार्ड डिस्क घरघरायची, माऊस जागीच थिजायचा. लोडशेडिंगला सरावलेली मुलं सरळ बटण दाबून मोकळी व्हायची.

बहुतेकदा तो नुसता संथपणा असे. पण मशीन कायमचं अडकण्याची एक वाट लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, खरोखरच होती. मेमरी संपत आली की कर्नल तिचे जुने तुकडे, म्हणजे पानं, डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. लिहिण्याचं काम डिस्कच्या ड्रायव्हरचं. त्यालाही प्रत्येक कामासाठी थोडी मेमरी लागते. ती मागितली की कर्नल म्हणणार, आधी पानं लिहून जागा कर. लिहिणार कोण? तोच ड्रायव्हर!

पहिला इलाज साधा होता: मागणीसोबतच ‘यासाठी डिस्कला हात लावू नकोस’ अशी खूण द्यायची. त्याने फेरा तुटतो, पण मेमरी मिळेलच याची हमी नाही. २००१च्या सुमारास ३२-बिट मशीनवर हे जास्त जाचू लागलं. सुमारे ८९६ एमबीच्या वरची मेमरी बऱ्याच ड्रायव्हरांच्या आवाक्याबाहेर. तिथला मजकूर आधी खाली उतरवून घ्यावा लागे, आणि त्यासाठी पुन्हा खालचीच मेमरी. येन्स आक्सबो यांनी कर्नलच्या २.५ मालिकेत डिस्कचा हा सगळा थर नव्याने बांधला. इंगो मोल्नार यांचं मेमपूल त्याच काळातलं.

घरात दाणा नसला तरी शेतकरी बियाण्याच्या मडक्याला हात लावत नाही. मेमपूल म्हणजे ते मडकं. आधी नेहमीसारखी मेमरी मागायची, नाहीच मिळाली तर राखीवातली घ्यायची, काम झालं की परत ठेवायची. राखीवही संपली तर थांबायचं, कारण आधीचं काम पुरं होताच कोणीतरी परत आणून ठेवणारच. अट एकच: एका कामाने त्याच साठ्यातून दोनदा उचलायचं नाही. रेडसारखे (अनेक डिस्क एकत्र जोडणारे) एकावर एक रचलेले ड्रायव्हर म्हणूनच आपापला साठा वेगळा ठेवतात.

खूण द्यायला विसरणारे मात्र विसरतच राहिले. ड्रायव्हर मेमरी मागतो ती कधी पाच फंक्शनं खाली, दुसऱ्याच कोणाच्या कोडमध्ये. यूएसबी डिस्क रीसेट करताना हे विशेष नडलं. २०१३ साली मिंग लेई यांनी ती खूण मागणीऐवजी चालू कामावरच लावायची सोय केली. २०१७ साली मिखाल होच्को यांनी फाइलसिस्टिमसाठी तेच केलं. माझ्या मते खरी सुधारणा हीच.

प्रात्यक्षिकाच्या वहीतला ड्रायव्हर अजूनही भरपूर मेमरीच्या मशीनवर तपासला जातो, तिथे हा फेरा दिसतच नाही. बूट करताना ‘मेम=’ पर्यायाने मेमरी मुद्दाम तोडून, स्वॅप (पानं लिहायची जागा) त्याच डिस्कवर ठेवून तो एकदा चालवायला हवा.