पानफुटीला पाणी केव्हा घालावे?

कुंडीतले रोप मलूल दिसले की आपण आधी पाणी घालतो. बहुतेक रोपांना ते मानवतेही. पानफुटीच्या मात्र ही माया जिवावर बेतते. कुंडीतली पानफुटी तहानेने मरण्यापेक्षा मुळे कुजून मरण्याचा धोका अधिक असतो. असे का, हे समजायला ती जगते कशी ते आधी पाहू.

पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरची. आपल्याकडे ती इतकी रुळली आहे की शाकीय पुनरुत्पादन शिकवताना आपण तिचेच पान वर्गात नेतो. तिच्या जाड, रसाळ पानांत पाण्याचा साठा असतो. पण साठा नुसता करून भागत नाही, तो राखावाही लागतो. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पर्णरंध्रे उघडली की पाण्याची वाफ बाहेर जातेच. बहुतेक वनस्पती रंध्रे दिवसा उघडतात, पानफुटी मुख्यतः रात्री उघडते. रात्रीची हवा थंड व दमट असल्याने वाफ कमी जाते. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींतील रिक्तिकांत साठतो. दिवसा रंध्रे मिटलेली असताना या आम्लातून तो मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशात त्याची शर्करा बनते. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना गहू-भातासारख्या वनस्पती साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. या पद्धतीने जगणाऱ्या वनस्पती ५० ते १०० ग्रॅमच.

आम्लाचा हा चढउतार पानफुटीत प्रथम लक्षात आला तो भारतातच. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांना तिचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू लागले. त्यांची ही नोंद १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापली.

आता निगा. इतके थोडे पाणी खर्चणाऱ्या झाडाला रोज पाणी दिले, तर ते मातीतच साचून राहते. मातीच्या कणांमधली हवा निघून जाते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि बुरशी शिरते. म्हणून कुंडीला तळाशी भोक हवे. मातीत वाळू आणि विटांचा बारीक चुरा मिसळावा. बोट दोन पेरे खुपसून पाहावे. माती कोरडी लागली तरच पाणी घालावे, पण घालताना तळातून निथळेपर्यंत घालावे. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या धारेखाली ठेवू नये. सकाळचे ऊन येणारी खिडकी उत्तम.

रोप आपली अडचण स्वतःच सांगते. पाने पातळ व सुरकुतलेली दिसली तर तहान लागली आहे. खालची पाने पिवळी, मऊ पडली आणि खोड बुडाशी काळवंडले, तर पाणी जास्त झाले. खोड लांबून पाने दूर दूर गेली, तर उजेड कमी पडतो आहे. खोड कुजू लागलेच, तर एखादे निरोगी पान ओलसर वाळूवर आडवे ठेवावे. काही दिवसांत पानाच्या कडेवरील खाचांतून नवी रोपे फुटतात.

हाइने यांनी चव घेतली, पण वर्गात तसे करू देऊ नये. या झाडात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. त्याऐवजी आम्ही पुढील प्रयोग सुचवतो. पानफुटीची पाने बहुधा समोरासमोर जोडीने येतात. अशा जोडीतले एक पान सूर्योदयाच्या सुमारास आणि दुसरे त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी तोडावे. प्रत्येक वेळी दोन ग्रॅम भाग सारख्याच पाण्यात वाटून गाळावा. त्यात फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकून, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत चुन्याची निवळी ब्युरेटने घालावी. सकाळच्या रसाला निवळी जास्त लागेल. तिसऱ्या पानाला दिवसभर काळा कागद गुंडाळून ठेवले, तर संध्याकाळी त्याला किती निवळी लागेल? याचा अंदाज विद्यार्थ्यांनी प्रयोगाआधी वहीत लिहावा.

एक काळजी मात्र घ्यावी. छाटलेली पाने गुरे-शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत आणि ओढ्याकाठी किंवा टेकडीवर फेकू नयेत. फेकलेले पानही रुजते. हवाई आणि गालापागोस बेटांवर पानफुटीने असाच शिरकाव करून स्थानिक वनस्पतींची जागा बळकावली आहे. थोडक्यात जगण्याचा जो गुण तिला आपल्या खिडकीत तगवतो, तोच तिला रानात वरचढ करतो.